बटाट्याचा हिशेब



काल आणि परवा या व्यासपीठावरून जी व्याख्याने झाली, ती मी तिकडे मागच्या रांगेत बसून ऐकली. एका वक्त्यांनी राज्यघटना उलगडून दाखविली, दुसऱ्यांनी ज्ञानेश्वरी. आज मी उभा आहे तो बटाट्याविषयी बोलायला. चालकांनी मला ‘कामगार चळवळीची वाटचाल’ असा भारदस्त विषय सुचविला होता. मी त्यांना म्हटले, त्या विषयावर गेली तीस वर्षे मी कारखान्यांच्या फाटकासमोर बोलतोच आहे आणि ऐकणाऱ्यांना तो पाठ झाला आहे. त्यापेक्षा माझ्या पदरी एक फसलेले पीक आहे, त्याची हकीकत सांगू द्या. त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला.

माझ्या अधिकाराविषयी आधीच सांगून टाकतो. मी शेतकी कॉलेजात शिकलेला नाही. किंबहुना कुठल्याच कॉलेजात नाही. वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. संप लांबला, आम्ही बिऱ्हाड उचलून गावी आलो, आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे जे वाचले ते वाचनालयात, आणि बरेचसे अर्धवट. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते एक तर स्वतःच्या हाताने बिघडवून शिकलेले आहे, नाही तर जाणकारांना विचारून घेतलेले आहे.

2011 च्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याला टाळे लागले. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण आजचा विषय तो नाही. कामगारांची वस्ती जवळच होती. पत्र्याच्या दोन चाळी आणि मागे अडीच गुंठ्यांची मोकळी जागा. पहिला महिना लोकांनी उसनवारीवर काढला. दुसऱ्या महिन्यात किराणा दुकानदाराने वही मिटली. सभेला येणारे चेहरे उतरू लागले. काम नसलेल्या माणसाच्या हातांना काही तरी लागते, नाही तर ते कपाळाला जातात. मी म्हटले, मागच्या जागेत बटाटे लावू. बटाटाच का? तर तो पोटभरीचा, टिकाऊ, आणि मुलांना आवडणारा म्हणून. चोवीस बिऱ्हाडांनी पन्नास-पन्नास रुपये काढले. बाराशे रुपयांचे साठ किलो बेणे आणले आणि दहा डिसेंबरला लावून टाकले. मी भाषणही केले. तीन महिन्यांत पाच-सहाशे किलो बटाटा निघेल असा आकडा मी त्या भाषणात दिला. तो मी कुठून आणला होता हे आज मला आठवत नाही, आणि त्या दिवशीही ठाऊक नसावे.

पीक आले ते पाहायला फार सुंदर. उगवण मागेपुढे झाली, काही झाडे पंधरा दिवसांत वर आली, काही महिन्याने. पण आली ती अशी हिरवीगार, की रस्त्याने जाणारे थांबून बघत. हिरवेपणा पाहून मला चेव आला. मी एकदा युरिया टाकला होता तो दुसऱ्यांदा टाकला. झाडे गुडघ्याच्या वर गेली. फेब्रुवारीत एका पोराने झाड उपटून पाहिले, तर खाली गोट्या. आम्ही म्हटले, अजून पोसतील. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऊन तापले, पाला करपू लागला, तेव्हा खणून काढले. ताजवा लावला. चौऱ्याण्णव किलो.

साठ किलो जमिनीत घालून चौऱ्याण्णव काढले. चोवीस घरांत वाटले तर घरटी चार किलोसुद्धा भरेनात. कोणी काही बोलले नाही. हेच मला जड गेले. लोक चिडले की मला बोलता येते, पण ते गप्प राहिले की माझी पंचाईत होते. एका बाईंनी आपला वाटा पिशवीत घेताना माझ्याकडे पाहून ‘असू द्या’ म्हटले, ते शब्द अजून माझ्या कानांत आहेत.

मंडळी, संघटनेत काम करणाऱ्या माणसाला एक सवय लागते. काही बिघडले की तो आधी आरोपी शोधतो. बहुतेक वेळा आरोपी असतोही. मी वीस जणांना घेऊन बेणे विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या दुकानावर गेलो. मोठ्या आवाजात विचारले, हे बेणे होते की दगड? तो म्हणाला, ‘साहेब, माल शीतगृहातला होता. मी सांगितले होते, आठ-दहा दिवस घरात पसरून ठेवा, मोड येऊ द्या, मग लावा.’ मी म्हटले, असे आम्हाला कोणी सांगितले नाही. तेव्हा आमच्यातल्याच एक मावशी मागून म्हणाल्या, ‘म्हणाले होते हो ते. मी होते की बरोबर.’ मी ते ऐकले नाही असे दाखविले आणि आवाज आणखी चढविला. दारात वीस माणसे उभी, गिऱ्हाईक आत येईना. त्याने मुकाट्याने सहाशे रुपये मोजून दिले. आम्ही विजयी होऊन परतलो. त्या हिवाळ्यात आम्हाला मिळालेला तो एकमेव विजय, आणि तो खोटा होता.

टाळेबंदी जूनमध्ये उठली. सगळे परत घेतले गेले नाहीत, पण ती कथा निराळी. मी मात्र त्या चौऱ्याण्णव किलोंपाशी अडकून बसलो होतो. वाचनालयात कृषी खात्याच्या ‘शेतकरी’ मासिकाचे जुने अंक मिळाले, ते चाळले. नंतर ऑगस्टमध्ये आमच्या एका सभासदाच्या पाहुण्यांकडे आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर गेलो. आपल्याकडे बटाटा हे सर्वसाधारणपणे थंडीचे पीक. पण पठारावर पावसाळ्याची हवा गार आणि ढगाळ, म्हणून तिथे ते खरिपात घेतात. सत्तरीतले ते गृहस्थ मला शेताच्या बांधावर घेऊन गेले आणि त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली. लावले कधी? मोड किती होते? खत काय? भर कधी लावली? मी एकेक उत्तर देत गेलो आणि ते काहीही न बोलता पुढचा प्रश्न विचारीत गेले. सगळे ऐकून झाल्यावर एवढेच म्हणाले, ‘झाड पाल्याला लागलं, की बटाट्याला विसरतं.’

आता या वाक्याचा अर्थ मी समजून घेतला तसा सांगतो, कारण घरी बटाटा लावणाऱ्या बहुतेकांची निराशा याच वाक्यात आहे.

बटाटा हे मूळ नव्हे, ते खोड आहे. म्हणून तर त्याला डोळे असतात आणि डोळ्यांतून कोंब फुटतात. लावलेल्या बेण्यातून कोंब वर येतो, आणि त्या कोंबाच्या जमिनीखालच्या भागातून आडवे दोरे निघतात. त्या दोऱ्यांच्या टोकाला पानांनी केलेले अन्न साठू लागले की टोक फुगते. तो बटाटा. म्हणजे झाडापुढे सतत एक निवड असते. आलेली कमाई आणखी पाने काढण्यात घालायची की खाली साठवायची? ही निवड ते मुख्यतः हवेवरून करते. रात्री गार असल्या आणि दिवस लहान असला, की झाड साठवू लागते. रात्रीचे तापमान वीस अंशांच्या खाली असले तर चांगले. रात्र उबदार झाली की बटाटा धरणे मंदावते. शिवाय दिवसा कमावलेले रात्रीच्या श्वासोच्छ्वासात जळून जाते. जमीन तीस अंशांच्या आसपास तापली की काम जवळजवळ बंदच. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उंच, थंड भागातले. पोर्तुगिजांबरोबर तो पाहुणा आपल्याकडे आला, ‘बटाटा’ हे नावही त्यांच्याच भाषेतून आले, आणि मौज अशी की तो परदेशी पाहुणा थेट आपल्या एकादशीच्या ताटात जाऊन बसला. धर्म त्याने बदलला, पण हवामानाची आवड बदलली नाही.

आमचे पीक दहा डिसेंबरला लागले, महिन्याने उगवले. म्हणजे बटाटा पोसण्याची वेळ आली ती फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, ऊन चढताना. देशावरच्या मैदानी भागात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लागवड आटोपली पाहिजे. त्यानंतरचा प्रत्येक आठवडा आपण शेवटच्या आठवड्यातून कापतो. आणि शेवटच्या तीन-चार आठवड्यांतच बटाट्याचे वजन भराभर वाढत असते. थंडी आली की पेरू म्हणणाऱ्याला उशीर झालेला असतो. थंडी यायच्या आत झाड उभे हवे.

उशीर एक, आणि त्यावर माझा युरिया. नत्र हे पाल्याचे खत. सुरुवातीला ते लागतेच, पाने नसतील तर कमाई कोण करणार? पण बटाटा धरायच्या वेळी नत्र ओतले, तर झाडाला वाटते अजून वाढायचे दिवस आहेत. ज्या हिरवेपणावर मी खूश होत होतो तो हिरवेपणा बटाट्याच्या पोटातून काढलेला होता. पालाशाकडे मी पाहिलेही नव्हते. शेणखत चांगले कुजलेले हवे, तेही लागवडीच्या आधी मातीत मिसळलेले. चुलीतली राख पालाशासाठी थोडी चालते. पण घमेल्यांनी ओतली तर जमीन अल्कधर्मी होऊन बटाट्याच्या सालीवर खवले धरतात.

आता बेण्याकडे येतो. व्यापारी खरे बोलत होता. शीतगृहातला बटाटा झोपलेला असतो. तो बाहेर काढून सावलीत, मंद उजेडात पसरला, की आठ-पंधरा दिवसांत त्याला आखूड, जाड कोंब येतात. असे बेणे लावले की उगवण एकदम होते. नुकताच खणलेला बटाटा तर आणखी हट्टी; त्याला दीड-दोन महिने काही केल्या जाग येत नाही. कोंब आले तरी पुष्कळजण बेण्याच्या फोडी करून लावतात. फोडीला निदान दोन डोळे हवेत आणि कापलेली बाजू सुकलेली हवी, नाही तर गरम जमिनीत ती कुजते. घरच्यापुरते लावायचे असेल तर अंड्याएवढा अख्खा बटाटा लावावा हे सोपे.

स्वयंपाकघरातल्या टोपलीत मोड आलेला बटाटा लावावा का, असे भगिनी हमखास विचारतात. लावा, गंमत म्हणून. पण त्यात रोग असू शकतो आणि तो डोळ्यांनी दिसत नाही. मावा नावाची बारीक कीड एका झाडाचा विषाणू दुसऱ्यात नेते, आणि तेच बेणे वर्षानुवर्षे वापरले की उत्पन्न उतरत जाते. एके काळी यावर उपाय म्हणून बेणे डोंगरांत, थंड हवेत तयार करीत. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेतल्या डॉ. पुष्करनाथ यांनी दाखवून दिले, की उत्तरेच्या मैदानातही मावा कमी असतो त्या काळात पीक वाढवून, मावा वाढण्यापूर्वीच पाला कापून टाकला, तर निरोगी बेणे मिळते. देशाच्या बटाट्याचे चित्र या साध्या युक्तीने बदलले. त्याच संस्थेने 1972 साली दख्खनच्या पठारासाठी एक लवकर तयार होणारा वाण दिला. त्याचे नाव ‘कुफरी लवकर’. आपल्या भाषेतला शब्द बटाट्याच्या वाणाला मिळाला आणि आपण लावतो मात्र उशिरा!

पाणी थोडे आणि नेमाने द्यावे. सुकवून मग भिजविले की बटाटे वेडेवाकडे होतात, तडकतात. काढणीच्या आधी आठ-दहा दिवस पाणी तोडावे. भर लावणे मात्र विसरू नये. बटाटा मातीबाहेर डोकावला की उन्हाने हिरवा पडतो, आणि हिरवा भाग कडू व विषारी असतो. शिवाय एक पतंग आहे, त्याची अळी बटाटा पोखरते. इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर ती 1906 च्या सुमारास मुंबई इलाख्यात आली. मातीची जाड भर हाच तिच्यावरचा घरगुती उपाय. खणलेला बटाटाही रात्रभर उघड्यावर टाकू नये.

करप्याविषयी बोलायचे म्हटले तर आयर्लंड टाळता येत नाही. 1845 साली तिथे करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगाने गेली. गरिबाच्या वाट्याला बटाट्याखेरीज काही ठेवलेले नव्हते, आणि तोही बहुतांशी एकाच वाणाचा. त्याच वर्षांत त्याच देशाच्या बंदरांतून धान्य बाहेर जात होते. बुरशीने पीक मारले, माणसे मारायला आणखी कोणी तरी लागले. तिथे मात्र आरोपी शोधण्याची माझी सवय मला सोडवत नाही.

आता हिशेब. मला वाटते खरी निराशा पिकात नसते, आधी धरलेल्या आकड्यात असते. आपल्या देशात हेक्टरी सरासरी सुमारे पंचवीस टन बटाटा निघतो. दोन ओळींत साठ सेंटीमीटर आणि दोन झाडांत वीस सेंटीमीटर अंतर धरले, तर हेक्टरी त्र्याऐंशी हजार झाडे होतात. भागून पाहा. झाडाला तीनशे ग्रॅम पडतात. हे अनुभवी शेतकऱ्याचे, खते-औषधे देऊन. साधारण बेण्याच्या दहापट. गच्चीवर पोत्यात लावणाऱ्याने झाडामागे पाव किलो काढले, तर त्याने पेढे वाटावेत. मोबाईलवरच्या चित्रफितीत एका पिंपातून घमेलेभर बटाटे ओतताना दाखवतात. ते पाहून माणूस एका पोत्यात सहा-सहा बेणी कोंबतो आणि पोते उंचच उंच भरत जातो. बहुतेक वाणांत आडवे दोरे खोडाच्या खालच्या थोड्याच भागातून निघतात. वीतभर भर पुरे. त्यावर कितीही माती चढविली तरी मजल्यामजल्यावर बटाटे लागत नाहीत. साधारण चाळीस लिटर मातीच्या पोत्यात दोन, फार तर तीन बेणी लावावीत. तळाला पाणी जायला भोके हवीत. सहा तास ऊन हवे, पण गच्चीची फरशी तापते म्हणून पोते विटांवर ठेवावे आणि दुपारनंतर पश्चिमेचे ऊन अडवावे. काळे पिंप वापरू नये. माझ्या एका स्नेह्यांनी वापरले. जानेवारी संपता संपता आतली माती हाताला कोमट लागत होती.

काढायची घाई नको. पाला पिवळा पडून लवंडू लागला की एक बटाटा उकरून अंगठ्याने साल चोळून पाहावी. साल सुटली तर थांबावे.

आम्ही 2012 च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा लावले. या वेळी चाळीस किलो बेणे, दीड गुंठ्यात. कारखाना चालू झाला होता, त्यामुळे चोवीसपैकी अकराच बिऱ्हाडे आली. बाकीच्यांनी मागचे मनात ठेवले होते आणि त्यांचे काही चुकले नाही. फेब्रुवारीच्या मध्याला काढले ते दोनशे नव्वद किलो भरले. सातपटीच्या थोडे वर. पठारावरच्या त्या गृहस्थांनी याला फार मोठे म्हटले नसते.

एक गोष्ट मला स्पष्ट करायची आहे. पगारात भागत नसेल तर परसात बटाटे लावा, असा उपदेश करायला मी आलेलो नाही. असा उपदेश करणारे मालक मी पाहिले आहेत. दोनशे नव्वद किलो बटाटा अकरा घरांत वाटला म्हणजे घरटी सव्वीस किलो झाला. त्याने भाडे भागत नाही. जागा मात्र मागायला हवी. इंग्लंडात 1908 च्या कायद्याने, मागणी असेल तिथे लोकांना भाजीपाल्यासाठी तुकडे पुरविणे ही स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरविली. तिथला रुळलेला तुकडा दहा रॉडचा. मी एकदा सहज गणित करून पाहिले. चार रॉडचा एक गुंठा, म्हणजे नेमके अडीच गुंठे. आमच्या चाळीमागे होते तेवढेच. त्या जागेवर 2016 साली वाहनतळ झाला.

फेब्रुवारीत काढणी झाल्यावर मी त्या व्यापाऱ्याकडे एकटाच गेलो. सहाशे रुपये त्याच्या गल्ल्यावर ठेवले. कशाचे ते त्याला आधी कळेना. मी म्हटले, गेल्या वर्षीचे. तुम्ही सांगितले होते, आम्ही ऐकले नव्हते. आमच्या मावशींनी तुमच्यादेखत सांगितले, तेही मी ऐकले नाही. तो थोडा वेळ नोटांकडे पाहत बसला. मग म्हणाला, ‘त्या दिवशी तुम्ही वीस जण होतात. आज एकटे आलात ते बरे केलेत, मला बोलता येते.’ आणि तो बोलला. दहा-बारा मिनिटे बोलला. त्या दिवशी दुकानावर माणसे जमलेली पाहून त्याच्या शाळेतून येणाऱ्या मुलीने काय विचारले, इथपर्यंत. मी उभा राहून ऐकले. चहा त्याने मागविला नाही. निघताना पैसे गल्ल्यात टाकीत त्याने विचारले, या वेळी किती निघाले? मी आकडा सांगितला. त्याने मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाला, ‘पंधरवडाभर आधी लावले असतेत, तर अजून पन्नास किलो मिळाले असते.’